नापास मालाची डबी

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या चाळीस मळ्यांच्या बागायतदार संघाचे कारभारी, आपला माल विकणाऱ्या कंपनीचे प्रादेशिक प्रमुख आणि आजचे प्रमुख पाहुणे, कृषी महाविद्यालयातून खास वेळ काढून आलेल्या प्राचार्या मॅडम, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, समोर बसलेले माझे बागायतदार बंधू, तोडणीच्या, निवडीच्या आणि लेबलच्या टेबलावरच्या माझ्या मैत्रिणी, आणि ज्यांच्यासाठी आपण आज शेडमधली खोकी बाजूला सारून इथे खुर्च्या मांडल्या, ते आपले सत्कारमूर्ती. त्यांना सोळा वर्षं आपण सगळे डॉक्टर म्हणत आलो. माणसांचे नव्हे, कंपनीने नेमलेले झाडांचे डॉक्टर. आणि बऱ्याच काळाने आपल्यात आलेल्या आमच्या डॉक्टरवहिनी. सर्वांना माझा नमस्कार.

माझी ओळख सूत्रसंचालकांनी फार गोड करून दिली. निवड विभागाच्या प्रमुख, अनुभवी, कर्तव्यदक्ष वगैरे. खरी ओळख समोरच्यांना ठाऊक आहे. मला दुर्बीण म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण शेडला पत्रा आहे, आवाज घुमतो. आमचे हे तर घरी सांगत असतात की हिला चहात साखर जरा जास्त पडली तरी ही विचारते, आज काय विशेष, काय चुकलंय तुमचं. खोटं कशाला बोलू, विचारते मी. आणि निम्म्या वेळा काहीतरी चुकलेलंच असतं.

तर अशा संशयी बाईला निरोपाच्या भाषणासाठी कोणी उभं करतं का? कारभारी मला म्हणाले, ताई, चार शब्द चांगले बोला, वातावरण जरा अवघडलेलं आहे. वातावरण अवघडलेलं आहे हे मात्र अगदी खरं. डॉक्टरांची चार वर्षांची नोकरी शिल्लक आहे आणि ते आज निवृत्त होत आहेत. निमंत्रणपत्रिकेत छापलंय 'स्वेच्छेने'. पत्रिका वाचताना तुमच्यापैकी किती जण त्या शब्दावर थांबलात? मी थांबले. शेडमध्ये या निवृत्तीला दुसरं नाव आहे, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. काड्या विकल्या, असं म्हणतात. आपल्या झाडांच्या काड्या डॉक्टरांनी परदेशी विकल्या. समोर गुच्छ द्यायचा आणि मागे हे बोलायचं, असा आजचा कार्यक्रम आहे. मला तो पटत नाही, म्हणून मी जरा सुरुवातीपासून बोलते. कारभारी, घड्याळ बघू नका, तुमचं भाषण याहून लांबतं.

सोळा वर्षांपूर्वी डॉक्टर एका काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत एक मरतुकडं झुडूप घेऊन आले होते. म्हणाले, ही ब्लूबेरी. मी फळ हातात घेतलं. वास नाही, वजन नाही, एवढंसं, वर राख फासल्यासारखी पांढरट झिलई. आणि डॉक्टर म्हणतात की जगभर लोक हे न्याहारीला मूठमूठ खातात, तब्येतीला फार चांगलं असतं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. जे तब्येतीला इतकं चांगलं, ते आपल्याला इतकी वर्षं कोणी सांगितलं कसं नाही?

तेव्हा त्यांनी कागदाचा एक मोठा तक्ता काढला. बारा महिन्यांच्या बारा पट्ट्या. म्हणाले, पूर्वी हे फळ फक्त थंड मुलखात व्हायचं, उन्हाळ्याचे चार दिवस. झाडाला हिवाळ्याची झोप लागायची, झोप नाही तर फूल नाही. आता असे वाण निघालेत की झोपेवाचून चालतं त्यांचं. जमीन आंबट लागते, तर जमीनच नको, नारळाच्या भुशाने भरलेल्या कुंडीत लावा. त्यामुळे वाळवंटात लागली, डोंगरावर लागली, समुद्राकाठी प्लॅस्टिकच्या बोगद्यात लागली. जहाजाच्या थंड पेटीत महिनाभर टिकते. बायका दुकानात जातात, आणि त्यांना बाराही महिने ती डबी दिसायला हवी असते. आणि मग त्यांनी तक्त्यातल्या एका रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. या सहा आठवड्यांत जगात कोणाकडेच फळ नसतं, ताई. ही खिडकी तुमची.

मी विचारलं, ही खिडकी आमच्यासाठी कोणी मोकळी ठेवलीय का? डॉक्टर हसले. म्हणाले, जो आधी लावेल त्याची. आणि कायमची नाही हं, सगळं जग लावतंय, ती लहान होत जाणार, तोवर हातपाय हलवा. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आपण ऐकलं ते फक्त सहा आठवडे.

पुढे काय झालं ते तुम्ही जगलात. खिडकी सहाची पाच झाली, पाचाची साडेतीन. दरवर्षी कुठून तरी नवीन कोणी घुसायचा. कोण घुसलं म्हणून विचारावं तर ज्या मुलखाचं नाव आपण शाळेच्या नकाशात कधी शोधलं नाही, त्याचं नाव. आपण रागावून विचारायचो, यांना कळतं कसं? कोण सांगतं? आपल्या सगळ्यांचीच दुर्बीण झाली होती तेव्हा, उगाच एकटीला नाव ठेवू नका.

मग सहा वर्षांपूर्वी कंपनीने नवा वाण दिला आणि करारात लिहून दिलं की दहा वर्षं हे झाड जगात फक्त या चाळीस मळ्यांत असेल. त्या झाडाला आपण किती जपलं. तुम्हाला माहीतच आहे, प्राचार्या मॅडमसाठी सांगते. ब्लूबेरीची एक काडी पुरते, मातीत खोचली की झाड. म्हणून छाटणी झाली की काड्यांच्या जुड्या शेडमागच्या खोलीत कुलपात जायच्या, आणि मग सगळ्यांसमक्ष जाळायच्या. कुलपाची किल्ली एकच, ती डॉक्टरांच्या कमरेला. दोन वर्षांपूर्वी पावसामुळे चार दिवस जाळता आलं नाही. चार दिवस जुड्या आत, किल्ली त्यांच्याकडे. आपण सगळ्यांनी ते चार दिवस मोजले होते.

आणि त्याच सुमारास मी लेकीकडे गेले होते.

लेक मोठ्या शहरात असते. जावई म्हणाले, सासूबाई, दुकान बघायला चला, इथे तुमची ब्लूबेरी विकतात. गेलो. गार कपाटात डब्या मांडलेल्या. लेबलवर भलत्याच देशाचं नाव. मी एक उचलली. आता माझं काम काय? इतकी वर्षं पट्ट्यावरून जाणारं फळ बघायचं. फळाच्या डोक्यावरच्या मुकुटाच्या पाचही पाकळ्या टपोऱ्या उघड्या, देठाच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढी कोरडी खूण. आपलं झाड. मी डबी हातातून खाली ठेवेना. जावई विचारतात, काय झालं, बसता का. मी ती डबी विकत घेतली आणि घरी आणली. फळ कोणाला खाऊ दिलं नाही, सुकून मिरी झालं तरी दिलं नाही.

परदेशी लेबल आणि आत आपला वाण. म्हणजे काड्या गेल्या. काड्या गेल्या म्हणजे किल्ली. किल्ली म्हणजे डॉक्टर. किती सरळ हिशेब आहे बघा. एक साधी गोष्ट मात्र मला सुचली नाही. काडी मातीत खोचल्यापासून असं टपोरं फळ दुकानात यायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि आपल्या जुड्या अडकल्या त्याला तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता. रोज झाडांत काम करणाऱ्या बाईला हे सुचू नये? राग आला की माणसाला महिने मोजता येत नाहीत, एवढंच मी म्हणेन.

त्यानंतर कंपनीकडे एक निनावी पत्र गेलं. ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. कोणी लिहिलं असेल यावर या शेडमध्ये किती चहा संपला असेल. कोणी म्हणे ड्रायव्हरने, कोणी म्हणे नर्सरीवाल्याने. मी त्या गप्पांत बसत होते आणि मान डोलवत होते.

ते पत्र मी लिहिलं.

बसा, वहिनी, बसा. तुम्ही उठून गेलात तर मला पुढचं बोलता येणार नाही, आणि पुढचं तुम्ही ऐकायलाच हवं. मी लिहिलं. डाव्या हाताने, अक्षर कोणाला ओळखू येऊ नये म्हणून. नाव घालायची हिंमत झाली नाही. डबीच्या बुडाला उमटवलेला तिचा क्रमांक लिहिला आणि शेवटी लिहिलं, किल्ली कोणाकडे असते ते पाहा.

मग चौकशी. आठ महिने. सगळ्यांसमोर डॉक्टरांच्या कमरेची किल्ली काढून घेतली. त्यांचं टेबल मळ्यातून उचलून कचेरीत जिन्याखाली ठेवलं. ते बांधावर दिसले की आपण काय म्हणायचो? डॉक्टर, खिसे दाखवा. हसत म्हणायचो, पण म्हणायचो. आणि शेवटी अहवाल आला. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. 'आरोप सिद्ध झाला नाही, मात्र संशय दूर झालेला नाही.' सुटकाही नाही आणि शिक्षाही नाही, नुसतं लटकावून ठेवलं. आज व्यासपीठावर प्राचार्या मॅडम आहेत. त्यांना डॉक्टर त्यांच्या महाविद्यालयात शिकवायला हवे होते. त्यांनी कंपनीकडे शिफारस मागितली, कंपनीने हा अहवाल पाठवला. जागा अजून रिकामी आहे, मॅडमनीच मला मघाशी चहा पिताना सांगितलं. डॉक्टरांचं पुढचं आयुष्य त्या एका वाक्याला अडकलंय.

चौकशी चालू असताना एकदा डॉक्टर माझ्या पट्ट्याशी येऊन उभे राहिले होते. बराच वेळ फळं बघत होते. मग हळूच म्हणाले, "ताई, ज्याने पत्र लिहिलं ना, त्याची नजर फार तयार आहे. फळ अगदी बरोबर ओळखलंय." आणि निघून गेले. मला काय वाटलं असेल? लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, किती बेरकी माणूस आहे, मला चाचपून बघतोय. इतकी मी पुढे गेले होते.

गेल्या महिन्यात कारभाऱ्यांनी हे भाषण माझ्या गळ्यात मारलं. चार चांगले शब्द लिहायला बसले आणि एकही सुचेना. म्हटलं, आधी राग तरी ताजा करू. कपाटातून ती डबी काढली. तेवढ्यात आपली लेबलवाली मैत्रीण घरी आली. ती तिकडे चौथ्या रांगेत बसलीय, पदार्थ चाखायच्या आधी त्यावरची तारीख वाचणारी. तिने डबी हातात घेतली, फळाकडे बघितलंही नाही. लेबलवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "अगं, हिने दोनदा कपडे घातलेत."

बाहेरच्या पाहुण्यांना आमची शिस्त ठाऊक नसेल. आमच्याकडे फळ बघणारीने लेबलला हात लावायचा नाही, आणि लेबल लावणारीने फळाला. घोटाळा होऊ नये म्हणून कंपनीनेच घातलेला नियम आहे. आणि आम्ही तो इतका पाळला की इतक्या वर्षांत मी एकाही डबीचं लेबल धड बघितलेलं नाही. दोन वर्षं मी त्या डबीतली सुकलेली फळं न्याहाळली. जे हाताला लागत होतं ते मला दिसलं नाही, कारण ते माझ्या टेबलाचं काम नव्हतं.

मैत्रिणीने केस वाळवायचं यंत्र मागितलं, गरम हवा दिली आणि वरचं लेबल अलगद सोडवलं. चुकलेलं लेबल आम्ही असंच काढतो. खाली दुसरं होतं. आपल्याच शेडचा शिक्का. पट्टा क्रमांक तीन. म्हणजे माझाच पट्टा. काडी कुठेही गेली नव्हती. फळ इथलंच होतं, माझ्याच डोळ्यांखालून गेलेलं.

आणि तारीख. ती तारीख माझ्या जावेला विचारा, ती झोपेतही सांगेल. त्या दिवशी तिच्या मळ्याचा सगळा माल कंपनीने नरम म्हणून नापास केला होता. फेकून देणार, असं सांगितलं होतं. तिच्याकडून सहीसुद्धा घेतली. त्या दिवशी तिच्या बाजूने एकच माणूस भांडला होता. कोल्ड रूमच्या दारात उभं राहून हा माणूस खोक्यातली फळं एकेक करून खात होता आणि अधिकाऱ्यांना सांगत होता, "हे नरम असेल तर माझे दात काढून घ्या." आम्ही हसलो होतो. डॉक्टर, तुम्ही एकटे खरं बोलत होतात.

फेकलेला माल महिन्याभराने परदेशी नाव लावून गार कपाटात कसा बसला? कोणाची खिडकी कोणाच्या फळाने भरली? मला ठाऊक नाही. मी आज कोणावर आरोप करत नाही. एकदा केला, त्याचं काय झालं ते आपण बघतोय. पण एक विचारते. माझ्या पत्रात डबीचा क्रमांक होता. तो क्रमांक ज्याने कंपनीच्या वहीत शोधला असेल, त्याला पहिल्याच दिवशी कळलं असेल की हे फळ कुठून निघालं. तरी आठ महिने चौकशी चालली किल्लीची. आपण किल्लीकडे बघत राहिलो, आणि कोणालातरी ते फार सोयीचं झालं. प्रमुख साहेब, तुम्ही या खुर्चीवर गेल्या वर्षी आलात, तेव्हाचं तुम्हाला माहीत असेलच असं नाही. पाणी प्या, उत्तर आत्ता द्यावं असं मी म्हणत नाही.

मी दुसरं पत्र लिहिलंय. उजव्या हाताने, खाली नाव घालून. शेजारी लेबलवालीची सही आहे, तिच्याखाली माझ्या जावेची. दोन्ही लेबलांचे फोटो प्रत्येक प्रतीला जोडले आहेत. एक प्रत अध्यक्षांना देते. एक प्राचार्या मॅडमना, कारण जागा त्यांच्याकडे आहे. आणि ही तिसरी साहेबांना. त्यात मागणी एकच आहे. अहवालातलं ते एक वाक्य खोडा, आणि जे खरं आहे ते त्याच कागदावर लिहून त्याखाली सही करा. ज्यांना या पत्रावर सही करायची असेल त्यांच्यासाठी मागे टेबलावर पेन ठेवलंय. भीती वाटत असेल तर करू नका. पण मग निदान डॉक्टरांना खिसे दाखवायला सांगू नका.

कारभारी, चार शब्द जरा जास्त झाले. सभागृहाने मला इतका वेळ ऐकून घेतलं, टाळी न वाजवता ऐकलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. संयोजकांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे, ध्वनिक्षेपक बंद न करणाऱ्याचे विशेष आभार. बोलण्याच्या ओघात कोणा मान्यवरांचा मान राखायचा राहिला असेल, शब्द तिखट पडला असेल, तर आपण सर्वांनी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं.

डॉक्टर, तुमच्याकडे मात्र मी आज क्षमा मागणार नाही. मागितली तर तुम्ही इथेच, उभ्या उभ्या देऊन टाकाल, तुमचा स्वभाव आता मला कळलाय. मग मी हलकी होऊन घरी जाईन आणि तुम्ही तसेच त्या वाक्याखाली राहाल. ते वाक्य आधी खोडलं जाऊ दे. त्या दिवशी मी तुमच्या दारात येईन, वहिनींसमोर मागेन. तोवर, डॉक्टर, हात जोडून विनंती आहे, मला माफ करू नका.